देवडीत पुरलेला बाप

हे खरं आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं आज रोक्कानेराच्या पायथ्याशी यावं, मान वर करून किल्ल्याकडे बघावं आणि मग बोलावं.

मी सांगतेय ते मी स्वतः पाहिलेलं नाही. माझ्या मावशीनं पाहिलं. त्रोत्ता तिचं नाव. त्या वेळी ती किल्ल्यातच होती. चाळीस वर्षं तिनं याबद्दल तोंड उघडलं नाही. काल उघडलं. 

वेळ रात्रीची नव्हती. आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं, रात्रीचं एक वेळ चालेल, पण उन्हाळ्यात भर दुपारी, सावली पायाखाली जाते तेव्हा उंबऱ्याबाहेर पडू नये. ही गोष्ट जुलैतल्या अशाच एका दुपारी सुरू झाली. संत आन्नाचा सण होता. जागा, रोक्कानेरा किल्ल्याची देवडी.

पण आधी माबिलियाबद्दल सांगायला हवं.

ड्यूक आतेनोल्फोला तीन मुलगे झाले. तिन्ही पाळण्यातच गेले. मग माबिलिया झाली आणि तिची आई बाळंतपणातून उठलीच नाही. माझ्या आजीनं तिला अंगावर पाजलं. एका बाजूला ड्यूकची लेक, दुसऱ्या बाजूला त्रोत्ता मावशी. दोघी एकाच दुधावर वाढल्या.

सगळ्यांना वाटलं, ड्यूक दुसरं लग्न करेल. त्यानं केलं नाही. पोरीलाच घोड्यावर बसवलं, न्यायनिवाड्याला शेजारी बसवलं. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा सगळ्या सरदारांना बोलावून तिच्यासमोर गुडघे टेकायला लावले. आमच्याकडे शपथ घेताना सरदार हात जोडतो, आणि मालक ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरतो. माबिलियाच्या तळहातात एकेकाची बोटंसुद्धा मावत नव्हती.

ड्यूकचा धाकटा भाऊ लांदो हसून म्हणाला, "चिमणे, नीट धर गं. काकाचे हात आहेत, निसटतील."

सगळे हसले.

ड्यूक हसला नाही. तो फक्त खाकरला.

या खाकरण्याबद्दल मावशी पुन्हापुन्हा सांगत होती. ड्यूक कधी आवाज चढवायचा नाही. हुकूम सोडायच्या आधी घसा खाकरायचा. दोनदा, कोरडं... आणि किल्ल्यातला माणूस जिथे असेल तिथे ताठ उभा राहायचा. स्वयंपाकघरात बायकांच्या हातातले झारे थांबायचे.

माबिलियाचं सोळाव्या वर्षी लग्न झालं. दोन वर्षांत नवरा तापानं गेला. पोटी मूल नव्हतं. ती माहेरी आली, आणि काही वर्षांनी बाप अंथरुणाला खिळला.

शेवटच्या दिवशी त्यानं तिला जवळ बोलावलं. मावशी पंख्यानं वारा घालत होती. तिनं सगळं ऐकलं.

"मला चर्चमध्ये पुरू नका," ड्यूक म्हणाला. "देवडीत पुरा. फरशीखाली. लांदोला आत यायचं असेल तर माझ्या छातीवर पाय देऊन यावं लागेल."

पाद्री उर्सो कुरकुरले. "ड्यूकसाहेब, ती जागा पवित्र केलेली नाही."

"तुम्हाला विचारलं नाही." मग तो मुलीकडे वळला. "त्याची नजर गादीवर गेल्यापासून मी त्याला दार उघडलं नाही. आता म्हण, दार उघडणार नाही."

"नाही उघडणार, बाबा."

"माझ्या हातात हात दे आणि म्हण."

तिनं हात जोडून त्याच्या हातात दिले. शपथ घेतात तसे. तो गेला तेव्हाही त्यानं ते धरूनच ठेवले होते. एकेक बोट सोडवावं लागलं.

त्याला हवं तिथेच पुरलं. माबिलिया गादीवर बसली. रोक्कानेराची डचेस.

महिन्याभरात लांदो फौज घेऊन आला.

गहू पिकून उभा होता. त्यानं तो कापून नेला, उरलेला जाळला आणि पायथ्याशी तंबू ठोकले. बाईच्या हाताखाली मुलूख टिकत नसतो, असं त्याचं म्हणणं. तिनं मुकाट गादी सोडावी, मठात जावं, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. ही बोलणी तो रोज खालून ओरडून करवायचा.

ती "नाही" म्हणत राहिली.

रोक्कानेराला वाट एकच. देवडीची. बाकी तिन्ही बाजूंनी कडा, आणि कितीही दोर जोडा, खालपर्यंत पोचत नाही. एकानं उतरून पाहिलं. तो दोराच्या टोकाशी दिवसभर लोंबकळत राहिला. मग हात सुटले.

आधी हरभरे संपले. मग चेस्टनटचं पीठ संपलं. मग खेचरं कापली. टाक्यातलं पाणी हिरवं झालं आणि लहान मुलं पोटानं जायला लागली. एका सकाळी माबिलिया अशाच एका गेलेल्या पोराला कफनात गुंडाळायला मदत करून परत आली आणि मावशीजवळ जमिनीवर बसली.

"त्रोत्ते, बास झालं."

"काय बास?"

"उघडते दार. काकाला हवी ना गादी, घेऊ दे. मला काय त्या खुर्चीची पूजा करायचीय?"

"आणि वडिलांना दिलेला शब्द?"

"बाबा असते तर ही पोरं बघून त्यांनीच उघडलं असतं."

 मावशीला तसं वाटत नव्हतं.

संत आन्नाचा सण. भर दुपार. माबिलियानं तटावरून निरोप दिला, दार उघडतोय. लांदोची माणसं चढण चढून समोर उभी राहिली.

देवडीचा मुख्य पहारेकरी मावशीचा नवरा होता. ब्रुनो. त्यानं आणि चार शिपायांनी मिळून दाराचा अडसर काढला. ओकच्या लाकडाचा, माणसाच्या मांडीएवढा जाड. भिंतीला टेकवून ठेवला. बाईसाहेबांनी स्वतः दार ढकलावं अशी रीत, म्हणून पाचही जण तिला आणायला अंगणात आले.

चार पावलांचं अंतर. देवडीला पाठ झाली असेल ती तेवढीच.

परत वळले...

अडसर जागेवर होता.

दोन्ही खोबण्यांत घट्ट बसलेला.

ब्रुनो हसला. "कुणाला चेष्टा सुचतेय रे या उपासमारीत?"

पण देवडीत कुणीच नव्हतं.

पुन्हा काढायला ते आत शिरले. आणि तेव्हा मावशीच्या लक्षात आलं. देवडीला वर कमान आहे. तिथे साधी चप्पल वाजली तरी घुमते. आज पाच माणसं खिळ्यांचे जोडे घालून चालत होती...

आणि काहीही घुमत नव्हतं.

माश्याही नव्हत्या. सगळ्या किल्ल्यात माश्यांनी जीव नकोसा केला होता. देवडीत एकही नाही. कमानीतली पाकोळ्यांची घरटी रिकामी. पिल्लं होती, काल तर होती.

त्यांनी अडसर उचलला. या वेळी खाली ठेवला नाही, पाचही जणांनी हातातच धरला. ब्रुनो म्हणाला, "बाईसाहेब, ढकला."

माबिलियानं दारावर हात ठेवले.

आणि त्यांच्या मागे...

कुणीतरी खाकरलं.

दोनदा. कोरडं.

पाचही जुने शिपाई. सगळं आयुष्य त्या आवाजावर उभं राहण्यात गेलेलं. त्यांना कळायच्या आत ते ताठ झाले आणि हात सुटले. अडसर पडला. पण जमिनीवर नाही पडला. सरळ खोबण्यांत जाऊन बसला. एका शिपायाची बोटं मध्ये सापडली. तो ओरडला नाही. त्याचं लक्ष मागे होतं.

मागे फक्त फरशी होती.

माबिलिया पांढरी पडली होती. तिनं दोनच शब्द उच्चारले, "बाबा, नको."

बाहेर लांदोची माणसं उन्हात ताटकळत होती. तिनं तटावर जाऊन काकाला हाक मारली.

"काका, आतून दार उघडत नाहीये. बाहेरून जाळा. माझी हरकत नाही."

"का उघडत नाही?"

"बाबा उघडू देत नाहीत."

खाली हशा पिकला. लांदो कपाळावर हात धरून वर बघत म्हणाला, "आतेनोल्फोची लेक शोभतेस. माझी माणसं दाराशी आणायची आणि वरून उकळतं तेल ओतायचं, होय ना? मी काय काल जन्मलो? दार उघडून पायी बाहेर ये, पोरी. नाहीतर तिथेच हाडं वाळव."

"काका, शपथेवर सांगते."

"तुमच्या घरच्या शपथा मला माहीत आहेत."

तो फौज घेऊन खाली उतरला. त्यानंतर त्याचं एकही माणूस दाराच्या बाणाच्या टप्प्यात आलं नाही.

पुढचे दिवस मावशीला नीट आठवत नाहीत. किंवा सांगायचे नाहीत. माणसं भिंतीच्या सावलीत बसायची आणि संध्याकाळी त्यातली काही उठायची नाहीत. पाद्री उर्सोंनी देवडीत जाऊन प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. मग बाहेर आले. मावशीला म्हणाले, "पोरी, मी अर्धी प्रार्थना म्हटली. पुढची मला आठवेना. तीस वर्षं रोज म्हणतोय मी ती."

मग ब्रुनो कुऱ्हाड घेऊन उठला.

"ऐकलंत का," मावशी त्याच्या आडवी आली, "एकट्यानं जाऊ नका."

"चौघं बरोबर नेले तर चौघं ताठ उभे राहतात. मी कानात मेण घालून जातो. आवाजच नाही आला तर कसला हुकूम?" त्यानं खरंच मेणबत्तीचं मेण कानात भरलं. जाताना म्हणाला, "लाकूडच आहे गं ते. लाकूड तुटतं."

मावशी पायऱ्यांवर बसून राहिली. कुऱ्हाडीचा एक घाव ऐकू आला.

दुसरा आला नाही.

तिनं वाट पाहिली...

मग तीच गेली.

ब्रुनो दाराकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता. अंगावर खरचटल्याचीही खूण नव्हती. डोळे उघडे. हात छातीसमोर जोडलेले. शपथेला जोडतात तसे. तो मेला होता, आणि त्याचे जोडलेले हात काही केल्या सुटेनात. भर उन्हाळ्यात ते विहिरीच्या तळाच्या दगडासारखे गार होते. दोन्ही हातांवर बाहेरून दाबल्याचे निळे वळ होते. दहा बोटांचे. मोठ्या हातांचे.

त्याला तसाच, हात जोडलेला पुरावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माबिलिया उठली. वेणी घातली. डचेसचा झगा अंगावर सैल झाला होता, तो तिनं दोरीनं कमरेला आवळला.

"कुठे चाललीस?" मावशीनं विचारलं. एकांतात ती तिला अरेतुरेच करायची.

"बापाशी बोलायला."

"माबी, तो बाप राहिलेला नाही आता. ब्रुनोचं काय केलं, पाहिलंस ना?"

"ब्रुनो हुकुमाचा माणूस. मी त्याची मुलगी आहे." मग हळूच म्हणाली, "तू पायऱ्यांवर बस. आत येऊ नकोस. मी हाक मारली तरी येऊ नकोस."

मावशी बसली. तिथून देवडी दिसत नाही, ऐकू येतं. म्हणजे एरवी येतं. माबिलियाच्या पावलांचा आवाज कमानीखाली शिरला आणि कापल्यासारखा बंद झाला. फक्त तिचा आवाज येत राहिला.

समोरून कुणाचाही नाही.

"बाबा, मी आहे."

शांतता.

"सगळे उपाशी आहेत, बाबा. दहा-बारा पोरं गेली."

शांतता.

"मला माहीत आहे मी शब्द दिला. पण तुम्हाला तरी माहीत होतं का असं होईल?"

खूप वेळ काहीच नाही. मावशीला वाटलं, संपली. ती उठणार एवढ्यात पुन्हा आवाज आला. या वेळी रडका होता. लहानपणी ती घोड्यावरून पडली होती तेव्हा जशी बोलायची, तसा.

"बाबा, हात दुखतायत... सोडा ना... मी चिमणी आहे ना तुमची."

मग...

"काय?"

मग...

"कोण राखील म्हणजे?"

आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "बरं. पण आत्ता नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. मेल्यावर." थोडं थांबून ती म्हणाली, "हो. शब्द देते."

लाकूड घासल्याचा आवाज झाला. मोठा, लांबलचक. आणि तो घुमला.

मावशी धावत गेली. दार सताड उघडं होतं. बाहेरचं ऊन आत आलं होतं. माबिलिया उंबऱ्यात उभी होती. दोन्ही मनगटं निळी. एक माशी तिच्या गालावर बसली होती आणि ती तिला हाकलत नव्हती.

लांदो आत आला. फरशीवरून, भावाच्या छातीवरून चालत. त्याला काहीही झालं नाही.

त्यानं अंगणातली माणसं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, मावशी म्हणते. लगेच गाड्या भरून पाव मागवला. मग पुतणीला म्हणाला, "इतकं सोपं होतं तर एवढे जीव का घेतलेस, माबिलिया?"



लोकही तेच म्हणाले. ज्यांनी डोळ्यांनी अडसर पाहिला होता त्यांतले बहुतेक वाचले नव्हते. उरलेल्यांनी तोंडं मिटली. बाकीच्यांना एवढंच माहीत होतं की बाईनं गादीसाठी पोरं उपाशी मारली. तिला खेचरावर बसवून मठात नेलं तेव्हा वाटेवर एक बाई पुढे आली आणि तिच्या तोंडावर थुंकली. "माझी दोन्ही गिळलीस. आता देवाला काय तोंड दाखवणार?" माबिलियानं ते पुसलंही नाही.

मावशी तिच्याबरोबर मठात गेली. विधवाच होती, मागे कोण होतं?

चाळीस वर्षं. माबिलिया तिथे कपडे धुवायची, आजारी नन्सची सेवा करायची. तिच्या खोलीचं दार ती कधी लावू द्यायची नाही, हिवाळ्यातही नाही. थोरल्या ननबाई वैतागायच्या, "अहो, बर्फ आत येतंय." ती म्हणायची, "येऊ दे."

एकदा मावशीनं विचारलं, "त्या दिवशी तू काय कबूल केलंस?"

"ऐकलंस की तू."

"अर्धंच ऐकलं."

"अर्धंच बरं," ती म्हणाली. मग बराच वेळ पिळून ठेवलेले कपडे पुन्हा पिळत बसली. "तो मला ओळखत होता, त्रोत्ते, पण खूप लांबून. नाव आठवत नव्हतं त्याला. फक्त दार आठवत होतं. मेल्यावर माणसाचं तेवढंच उरत असेल का गं?"

या उन्हाळ्यात ती अंथरुणाला लागली. पाद्री आला तेव्हा तिनं एकच विचारलं, "मेलेल्याला दिलेला शब्द कुणी मोडून देऊ शकतं का?"

तो तरुण पाद्री. विचार करून म्हणाला, "ज्याला दिला त्यानंच मोकळं करायचं असतं, आजी."

ती भिंतीकडे वळली. मावशीला म्हणाली, "मला इथेच पुरा. बागेत. तिकडे नेऊ नका. काहीही झालं तरी तिकडे नेऊ नका."

तिथेच पुरली. मावशीनं स्वतःच्या हातानं माती टाकली.

ती गेली भर दुपारी. गेल्या मंगळवारी.

त्याच मंगळवारी, भर दुपारी, मी माझ्या घरासमोर कांदे निवडत होते. इथे, किल्ल्याच्या पायथ्याशी. वर आता लांदोचा नातू गादीवर आहे. माझी एकुलती एक लेक ओर्साबिले तिथेच नांदते. जावई पहाऱ्यावर असतो. तिला सातवा महिना आहे.

वरून एक मोठा आवाज आला. लाकडाचा.

मान वर केली तर किल्ल्याचं दार बंद झालं होतं.

दिवसा ते कधी बंद नसतं. मला वाटलं, वारा असेल. वारा नव्हता.

संध्याकाळी तटावर माणसं जमली. खालून लोकांनी कुऱ्हाडी नेल्या, पहार नेली. दोन घाव घालून माणसं परत आली. का, ते सांगत नाहीत. लोहार तर कालपासून हात पांघरुणाखाली घेऊन पडला आहे. कुणाला दाखवत नाही.

काल ओर्साबिले तटावरून ओरडत होती. "आई, आतून निघत नाहीये गं. दहा जण लागले तरी निघत नाही."

"पाणी आहे का?" मी ओरडले.

"टाकं अर्धं आहे." मग ती म्हणाली, "आई, देवडीत कुणीतरी बाई आहे. दिसत नाही. पण वेणी घालताना गुणगुणतात ना, तसा आवाज येतो..."

मी तशीच धावत मठात गेले. मावशीचे पाय धरले. तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "मावशी, तू चल. तुझी दूधबहीण ती. चाळीस वर्षं सांभाळलंस तिला. तू बोललीस तर ऐकेल."



"जाते मी," मावशी म्हणाली. "उद्या खेचरावर बसवून ने मला. बाहेरून हाका मारीन, घसा फुटेपर्यंत मारीन. पण तू आशा धरू नकोस, पोरी. त्या म्हाताऱ्यानं ऐकलं ते पोटची मुलगी समोर उभी होती म्हणून. नाव विसरला होता, पण रक्त ओळखलं त्यानं."

तिनं डोळे पुसले.

"माझ्या माबीला मूल नाही झालं गं. तिच्यासमोर आता कोण उभं राहणार?"